व्यवहारपत्राची मांडणी : ‘विशेष’ या शब्दाच्या अनुषंगाने

मराठीतील व्यवहारलेखनासंबंधी आजवर झालेली चर्चा बहुतांशी शब्दांची चर्चा आहे. शिवकाळात रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध झाला, तेव्हा प्रश्न फारसी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द बसविण्याचा होता. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६० मध्येच भाषा संचालनालय अस्तित्वात आले, १९६२ मध्ये ‘पदनाम कोश’ निघाला आणि आचार्य अत्रे यांनी त्याला ‘बदनाम कोश’ म्हटले. तेव्हाही वाद शब्दांचाच होता. शब्द सोपा असावा की नेमका असावा, घडवावा की उसना घ्यावा, हे प्रश्न गौण आहेत असे कोणी म्हणणार नाही. परंतु एखादे पत्र हाती पडल्यावर वाचणाऱ्यास त्यातून नेमके काय करावयाचे आहे हे कळते की नाही, हे पुष्कळदा शब्दांवर अवलंबून नसते. कोणती गोष्ट आधी सांगितली, कोणती मागे ठेवली, कोणती टिपेत ढकलली, यावर ते अवलंबून असते. या अंगाकडे आपल्या अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. प्रस्तुत टिपणात त्याच अंगाचा विचार करावयाचा आहे.

विचारासाठी मुंबई उपनगरांतील सहकारी गृहनिर्माण संस्थांचा पत्रव्यवहार निवडला आहे. १९५० मध्ये अंधेरी-घाटकोपरचा आणि १९५७ मध्ये बोरिवली-मुलुंडचा पट्टा बृहन्मुंबईत समाविष्ट झाला. पुढच्या काही दशकांत तेथे ज्या तीन-चार मजली इमारती उठल्या, त्यांतील पुष्कळशा १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली नोंदलेल्या संस्थांच्या मालकीच्या झाल्या. आज त्या इमारती जीर्ण झाल्या असून त्यांचा पुनर्विकास हा या भागातील घरोघरचा विषय आहे. घाटकोपरचे पंतनगर असो वा अंधेरीचे डी. एन. नगर, तेथील एखाद्या निवृत्त कारकुनाने किंवा शिक्षिकेने आयुष्यात केलेला सर्वांत मोठा आर्थिक व्यवहार हाच असतो, आणि तो जवळजवळ संपूर्णपणे लेखी होतो. सभेची सूचना, विकासकाचा देकार, संमतिपत्र, इतिवृत्त, करारनामा अशी ही कागदांची रांग असते. त्यातील एखादा कागद नीट उलगडला नाही तर हातचे घर जाऊ शकते. व्यापारी पत्रव्यवहाराचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यास यापेक्षा अधिक बोलकी सामग्री मिळणे कठीण आहे. तथापि आपली पाठ्यपुस्तके अजून कापडाच्या गाठी मागविण्याच्या पत्रांतच रमलेली दिसतात.

या सामग्रीकडे वळण्यापूर्वी जुन्या मराठी पत्राची घडण पाहणे अवश्य आहे. हेमाडपंताच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या मेस्तकापासून पेशवाईअखेरपर्यंत पत्रलेखनाचे जे वळण चालत आले, त्याची आज केवळ थट्टा होते. प्रारंभी ‘श्री’, मग ‘राजश्री’, ‘अखंडित लक्ष्मी आलंकृत’ इत्यादी विशेषणांची माळ, ‘कृतानेक साष्टांग नमस्कार’, ‘येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जाणे’ आणि त्यानंतर कुठे ‘विशेष’. हा सगळा पाल्हाळ, दरबारी रिकामपणाची खूण, असे सामान्यतः समजले जाते. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या खंडांतील किंवा वासुदेवशास्त्री खरे यांच्या ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’तील पत्रे लागोपाठ वाचली, तर हे मत टिकत नाही.

मोडी लेखनात आधी ओळ आखीत आणि तिला अक्षरे लटकवीत. दोन शब्दांत अंतर नसे, विरामचिन्हे नसत, परिच्छेद नसे. मेजर कँडी यांनी विरामचिन्हांचा परिपाठ मराठीत रूढ केला तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास. त्यापूर्वीच्या या अखंड प्रवाहात वाचणाऱ्याने आपली जागा कशी ओळखावी? ती सोय ठराविक शब्दांनी केली होती. ‘विशेष’ हा शब्द म्हणजे आजचा नवा परिच्छेद होय. मुरलेला कारकून पत्र उलगडताच मायन्यावरून लिहिणाऱ्याचा व आपल्या धन्याचा दर्जा ताडून घेई आणि तेथून दृष्टी थेट ‘विशेष’वर नेई. मजकूर कोठे सुरू होतो हे शोधण्यास त्याला काही वाचावे लागत नसे. म्हणजे मायना लांब असला तरी तो ओलांडण्याचा मार्ग आखलेला होता. उत्तरकाळी कौटुंबिक पत्रांत ‘वि. वि.’ एवढी दोन अक्षरे उरली तीही हेच काम करीत होती, जरी लिहिणाऱ्यास त्यांचा विस्तार ‘विनंती विशेष’ असा आहे हे पुष्कळदा ठाऊक नसे.

याहून लक्षणीय गोष्ट उत्तराच्या पत्राची आहे. ‘आपण पत्र पाठविले ते पावले’ असे म्हणून लिहिणारा समोरच्या पत्रातील मजकूर एकेक करून आपल्या शब्दांत मांडतो, ‘म्हणोन लिहिले ते कळले’ असे म्हणतो, आणि मग ‘त्यास’ किंवा ‘ऐशास’ या शब्दाने आपले म्हणणे सुरू करतो. दुसरा मुद्दा, पुन्हा ‘त्यास’. उत्तर देणाऱ्याने प्रश्न कसा समजून घेतला हे त्यामुळे कागदावरच नोंदले जाई. एखाद्या मुद्द्याला बगल दिली तर ती लगेच उघडी पडे, कारण त्या मुद्द्यापुढचे ‘त्यास’ गहाळ दिसे. आजच्या कार्यालयीन उत्तरात ‘आपल्या दि. अमुकच्या पत्रास अनुसरून’ एवढ्यावर भागते. सभासदाने पाच प्रश्न विचारलेले असतात, उत्तर दोहोंचे असते, आणि उरलेले तीन कोठे गेले हे दाखविण्यासाठी त्याला सहावे पत्र लिहावे लागते.

पत्राच्या शेवटाचीही अशीच काळजी घेतलेली होती. ‘बहुत काय लिहिणे’ हे शब्द आणि त्यानंतरची समाप्तीची मुद्रा. शिवछत्रपतींच्या पत्रांच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा उमटलेली असते. तिच्याखाली कोणास काही वाढविता येऊ नये हा तिचा उपयोग. मजकुराची सीमा लिहिणाऱ्याने स्वतः आखून दिलेली असे. या मुद्रेकडे पुढे पुन्हा वळावे लागणार आहे.

युरोपात बाराव्या शतकाच्या सुमारास बोलोन्यासारख्या विद्याकेंद्रांत पत्रलेखनाचे जे शास्त्र शिकविले जाई, त्यात पत्राची पाच अंगे मानली होती : अभिवादन, वाचकाची अनुकूलता संपादन करणे, वृत्तांत, मागणी आणि समारोप. मराठी पत्राशी त्याचे साम्य उघड आहे, आणि त्यासाठी कोणी कोणाचे अनुकरण केले असे मानण्याचे कारण नाही. लांबच्या माणसाकडून लेखी शब्दाने काम करून घ्यावयाचे तर त्याच पायऱ्या कोठेही सुचतात. फरक एवढाच की आपल्या पद्धतीत ‘विशेष’, ‘त्यास’ यांसारख्या खुणा उच्चारित शब्दांच्या होत्या, त्यामुळे पत्र मोठ्याने वाचून दाखविले तरी मांडणी ऐकणाऱ्याच्या ध्यानी येई. दरबारात पत्रे पुष्कळदा ऐकलीच जात.

मांडणी हीच कधी कधी मजकूर होते, याचे एक घरगुती उदाहरण देण्याजोगे आहे. मृत्यूची वार्ता कळविणाऱ्या कार्डावर वर ‘श्री’ घालीत नसत. पोस्टमनने कार्ड हाती देताच, पहिले अक्षर वाचण्यापूर्वी, घरातील मोठ्या माणसाला काय ते समजे. वाईट बातमी हळूहळू सांगावी की एकदम, या प्रश्नावर व्यापारी पत्रलेखनाचे इंग्रजी ग्रंथ पुष्कळ काथ्याकूट करतात : अनुकूल मजकूर असेल तर सरळ क्रम, प्रतिकूल असेल तर आधी कारणे आणि मग नकार. कोपऱ्यातील एका अक्षराच्या अभावाने आपल्या लोकव्यवहाराने तो प्रश्न निकालात काढला होता.

ही घडण मोडली ती इंग्रजी अमदानीतील कचेऱ्यांत. मोडी मागे पडली, विरामचिन्हे आली, मुद्रितात परिच्छेद आले. त्याबरोबर जुन्या खुणांची गरज संपली हे खरे. पण नव्या खुणांचा उपयोग शिकविला गेला नाही. इंग्रजी पत्राचे साचे शब्दशः उतरवून घेण्यात आले आणि त्यांतून ‘विषय’, ‘संदर्भ’, ‘महोदय’, ‘उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की’ ही नवी प्रशस्ती तयार झाली. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर ती शासकीय मराठीत पक्की बसली. शासन निर्णयाचाच आराखडा घ्यावा. आधी ‘वाचा’ या शब्दाखाली पूर्वीच्या निर्णयांची यादी, मग ‘प्रस्तावना’, आणि त्यानंतर ‘शासन निर्णय’. निर्णय हवा असणारा वाचक पान उलटल्यावर त्याच्यापर्यंत पोहोचतो. नस्ती सांभाळणाऱ्याच्या दृष्टीने हा क्रम बिनतोड आहे, कारण त्याला मागचे दुवे प्रथम हवे असतात. ज्याच्यावर निर्णय लागू व्हावयाचा त्या नागरिकाच्या दृष्टीने तो उलटा आहे. ब्रिटनमध्ये राजकोष खात्याच्या सांगण्यावरून अर्नेस्ट गॉवर्स यांनी १९४८ मध्ये ‘प्लेन वर्ड्‌स’ लिहिले ते नेमके कचेरीतील लेखकांसाठी. आपल्याकडे त्या खटपटीतील शब्दसौकर्याचा भाग तेवढा उचलला गेला.

गृहनिर्माण संस्थेच्या चिटणिसाने, जो बहुधा दिवसभर दुसरीकडे नोकरी करून रात्री हे काम फुकट करीत असतो, हा शासकीय साचाच आदर्श मानला. सूचना फळ्यावर लागते ती साधारणतः पुढीलप्रमाणे असते. नमुना कल्पित आहे, पण उपनगरांत राहणाऱ्या कोणाही वाचकास तो परका वाटू नये.

“सर्व सन्माननीय सभासदांना कळविण्यात येते की, संस्थेची विशेष सर्वसाधारण सभा रविवार, दि. — रोजी सकाळी १० वाजता संस्थेच्या आवारात मा. अध्यक्षांच्या अध्यक्षतेखाली आयोजित करण्यात आली आहे. तरी सर्वांनी वेळेवर उपस्थित राहावे, ही विनंती. सभेपुढील विषय : (१) मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. (२) इमारतीच्या पुनर्विकासाबाबत प्राप्त झालेल्या देकारांवर चर्चा करून योग्य तो निर्णय घेणे. (३) मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. टीप : गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व तीस गणसंख्येची आवश्यकता राहणार नाही.”

या सूचनेत भाषेची चूक नाही. शब्द कठीणही नाहीत. तरीही ती वाचून सभासदाला आपले घर पाडण्याचा निर्णय त्या रविवारी होणार आहे की केवळ बोलणे होणार आहे, हे सांगता येणार नाही. ‘चर्चा करून योग्य तो निर्णय घेणे’ ही शब्दयोजना दोन्ही दारे उघडी ठेवते. सभा शांत निघाली तर निर्णय झाला, गोंधळ झाला तर चर्चा झाली. क्रियापदाला ‘-णे’ लावून नाम केले की कर्ता नाहीसा होतो, काळ नाहीसा होतो. ‘योग्य’ कोणी ठरवावयाचे हेही नाहीसे होते.

तिसऱ्या विषयाकडे पाहावे. ‘ऐनवेळी येणारे विषय’ हे कलम आपल्या सभाव्यवहारात इतके अंगवळणी पडले आहे की ते नसले तर सूचना अपुरी वाटते. परंतु जुन्या पत्राच्या समाप्तिमुद्रेच्या हे नेमके विरुद्ध टोक आहे. मुद्रा मजकूर बंद करी, हे कलम तो उघडा सोडते. जो सभासद सूचना वाचून ‘आपल्याशी संबंध नाही’ म्हणून घरी राहिला, त्याच्याशी संबंध असलेला विषय त्याच सकाळी येऊ शकतो. गणपतीच्या वर्गणीसाठी हे कलम ठीक आहे. ज्या सूचनेत घराचा प्रश्न आहे तिच्यात ते असूच नये, असे मला वाटते.

आणि टीप. सबंध सूचनेतील सर्वांत परिणामकारक वाक्य तेथे बारीक अक्षरांत आहे. शिवाय ते चुकीचे आहे. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९(अ) खाली पुनर्विकासासंबंधी शासनाचे निदेश ३ जानेवारी २००९ रोजी निघाले व ४ जुलै २०१९ रोजी सुधारून पुन्हा काढण्यात आले. अशा सभेची गणसंख्या त्यांनी साध्या सभेहून वेगळी व मोठी ठरविली, आणि ती न भरल्यास सभा पुढच्या दिवसांवर नेण्याची तरतूद केली. अर्ध्या तासाने त्याच अंगणात ती उरकण्यास तेथे वाव नव्हता. ही टीप वार्षिक सभेच्या सूचनेतून जशीच्या तशी उचललेली असते. साचा एकदा पाठ झाला की लिहिणारा मजकुराचा विचार करीत नाही, साच्याची नक्कल करतो, आणि नकलेतून कायद्याची चूक उद्भवते ती ही अशी.

सूचनेचा दोष अनवधानाचा म्हणता येईल. विकासकाच्या देकारपत्राला ती सवलत देता येत नाही. त्याची मांडणी अत्यंत विचारपूर्वक केलेली असते, आणि समीक्षकाने ती कौतुकाने वाचावी अशीच असते. प्रथम पूर्ण झालेल्या इमारतींची रंगीत चित्रे, मग जादा चटई क्षेत्राची टक्केवारी, मग पर्यायी जागेचे मासिक भाडे आणि एकरकमी निधी. त्यानंतर बांधकामाच्या साहित्याची लांबलचक यादी, ज्यात नळाच्या तोटीचा मगदूरही नोंदलेला असतो. कामाला विलंब झाल्यास भाडे किती काळ मिळेल, टक्केवारी कोणत्या क्षेत्रावर मोजली आहे, महापालिकेची परवानगी अपेक्षेहून कमी मिळाल्यास तूट कोणी सोसावयाची, या गोष्टी शेवटच्या पानावर ‘अटी व शर्ती’ या मथळ्याखाली येतात. हा क्रम इंग्रजी ग्रंथांतील ‘प्रतिकूल वार्तेचा अप्रत्यक्ष क्रम’ होय. परंतु तेथे त्याचा हेतू वाचकाचे मन न दुखविण्याचा असतो. येथे वाचक शेवटापर्यंत पोहोचण्यापूर्वी थकावा यासाठी तो वापरलेला दिसतो. ज्या लेखनाने वाचकाकडून संमती घ्यावयाची आहे, त्यात संमतीला बाधक ठरू शकेल अशी गोष्ट मागे ठेवणे हा मांडणीचा गुण मानता येणार नाही, मग ती मांडणी कितीही परिणामकारक असो. ‘परिणामकारक’ हे विशेषण पाठ्यपुस्तकांत फार सैल वापरले जाते. परिणाम कोणाच्या बाजूचा, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

यावर काही आक्षेप संभवतात. चिटणीस म्हणेल, आम्ही पहिल्याच ओळीत ‘घर पाडण्याचा निर्णय’ असे लिहिले तर निम्मी वस्ती घाबरेल. हा आक्षेप खोटा नाही. घाटकोपर-मुलुंडच्या ज्या इमारतींत मराठी व गुजराती कुटुंबे शेजारी राहतात आणि सूचना बहुधा इंग्रजीत किंवा दोन भाषांत लावावी लागते, तेथे तर एखाद्या उघड वाक्याने वर्षभराची अढी बसते. म्हणून मोघम लिहिण्यामागे सौजन्यही असते. पण सौजन्यासाठी जुन्या पत्रात मायना होता; ते मजकुरात मिसळले जात नव्हते. दुसरा आक्षेप वकिलांचा : कायद्याचे शब्द बदलता येत नाहीत. ‘मानीव अभिहस्तांतरण’ हा शब्दप्रयोग बदलण्याचा अधिकार चिटणिसास नाही हे मान्य. तो कोठे ठेवावयाचा आणि त्याच्या आधी कोणते वाक्य घालावयाचे, हे मात्र त्याच्याच हाती आहे. “ज्या जमिनीवर आपली इमारत उभी आहे ती अजून कागदोपत्री मूळ बिल्डरच्या नावे आहे, ती संस्थेच्या नावे करून घ्यावयाची आहे” असे लिहून मग तो शब्द घातला, तर कायदाही राहतो आणि वाचकही राहतो.

वरील सूचनाच पुन्हा लिहून पाहू. विषयपत्रिका कायद्याप्रमाणे खाली राहू द्यावी. वर पुढील मजकूर असावा. “आपल्या इमारतीचा पुनर्विकास कोणत्या विकासकाकडे सोपवावा, याचा निर्णय रविवार, दि. — रोजीच्या सभेत मतदानाने होईल. तीन देकार आले आहेत. त्यांचा तुलनात्मक तक्ता सोबत जोडला असून मूळ कागद सभेच्या आदल्या दिवसापर्यंत संस्थेच्या कार्यालयात रोज सायंकाळी पाहता येतील. ज्यांना लेखी प्रश्न विचारावयाचे आहेत त्यांनी ते गुरुवारपर्यंत द्यावेत. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर सभेत वाचून दाखविले जाईल. पुनर्विकास करावा की नाही हा प्रश्न मागील सभेत संमत झाला आहे. तो या सभेपुढे नाही. या सूचनेत न दिलेला कोणताही विषय सभेत घेतला जाणार नाही.” शब्द जवळजवळ तेच आहेत. बदलला तो क्रम आणि शेवट. ‘प्रत्येक प्रश्नाचे उत्तर’ हे जुने ‘त्यास’ आहे, आणि अखेरचे वाक्य ही समाप्तीची मुद्रा. असे लिहिण्यास चिटणिसास आधी एक गोष्ट करावी लागते : निदेशांनी सांगितलेल्या पायऱ्यांपैकी संस्था आज कोणत्या पायरीवर आहे हे स्वतःशी ठरवावे लागते. पुष्कळ सूचना मोघम असतात त्या यामुळेच की लिहिणाऱ्याला ते ठाऊक नसते. लेखनाचे नियोजन म्हणून जे शिकविले जाते त्याचा मोठा भाग लेखणी उचलण्यापूर्वीच संपलेला असतो.

आपल्या विभागांतून ‘व्यावहारिक मराठी’ ही अभ्यासपत्रिका लावली जाते. तिच्या परीक्षेत ‘अमुक विषयावर पत्र लिहा’ असा प्रश्न येतो आणि गुण मायना, विषय, दिनांक, स्वाक्षरीची जागा यांना वाटले जातात. यात क्रमाची परीक्षा होत नाही. त्याऐवजी सात-आठ तुटक तपशील आणि एक निश्चित वाचक देऊन, यातील प्रथम काय सांगाल, काय गाळाल आणि का, असे विचारले तर काही निष्पन्न होईल. कच्चा माल म्हणून संस्थांची जुनी इतिवृत्ते, सभासदांची नावे वगळून, मिळविता येतील. एखाद्या विद्यार्थ्याने एकाच संस्थेच्या तीस वर्षांच्या सूचना क्रमाने लावून साचा कधी व कसा घट्ट होत गेला हे पाहिल्यास तो संशोधनाचा स्वतंत्र विषय होईल.

अशा अभ्यासात आणखी एका बाबीची नोंद घ्यावी लागेल. फळ्यावरची सूचना आता त्याच दिवशी सभासदांच्या मोबाईलवर व्हॉट्सॲपने जाते. तेथे संदेश उघडण्यापूर्वी पडद्यावर दोनच ओळी दिसतात, आणि त्या दोन ओळींत ‘सर्व सन्माननीय सभासदांना कळविण्यात येते की, संस्थेची विशेष’ एवढा मजकूर मावतो. ‘विशेष’ हा शब्द तेथे पुन्हा आला आहे. मात्र त्याच्यापुढचे काही दिसत नाही.